शुक्रवारी पाहुणीच्या अंगात आलं

आमच्या व्यायामशाळेच्या सभागृहात आजवर बारशी झाली, साखरपुडे झाले, हळदी झाल्या, निवडणुकीच्या सभा झाल्या आणि त्याच सभांमधून मारामाऱ्याही झाल्या. आफ्रिकेतल्या नर्तकीची तालीम तेवढी व्हायची राहिली होती. तीही झाली, आणि तिची सोय करण्याचं काम माझ्याच वाट्याला आलं.

मी परळच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन घरी बसले तशी माझी आणि सासूबाईंची सकाळच्या चहापासूनच जुंपायला लागली. तेव्हा लालबागमधल्या आमच्या घराशेजारच्या व्यायामशाळेने आम्हा दोघींवर दया केली आणि सभागृहाचं काम माझ्या गळ्यात घातलं. तेव्हापासून किल्ल्या माझ्याकडे असतात. लालबागमध्ये ज्याच्याकडे सभागृहाच्या किल्ल्या, त्याला नगरसेवकाहून जास्त नमस्कार मिळतात, आणि ते मला आवडतं. उगाच खोटं कशाला बोला?

तर एका सकाळी मलबार हिलकडच्या एका फाउंडेशनच्या बाई आल्या. लिननची साडी, कानात काही नाही, आवाज अगदी मऊ. त्यांनी घानाहून एका मोठ्या नर्तकीला बोलावलं होतं. ती स्वतः नाच बसवते, जगभर शिकवते, वगैरे वगैरे. मुंबईत राहून ती एक नवा एकल नाच पुरा करणार होती आणि तालमीला जागा मिळत नव्हती. दक्षिण मुंबईतल्या झाडून सगळ्या हॉलमध्ये संगमरवर किंवा टाइल्स. तिच्या गुडघ्यांना लाकडी जमीनच हवी होती. आमच्याकडे गिरणीतून निघालेल्या जुन्या सागवानी फळ्यांची जमीन आहे हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. साठीला टेकलेली, उंच, पांढरे केस डोक्याबरोबर कापलेले. मला नमस्कार नाही, चमत्कार नाही. चपला काढल्या, सभागृहाच्या मधोमध गेली, टाच एकदा आपटली आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. आपण बाजारात नारळ वाजवून घेतो तशी तिने आमची जमीन वाजवून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चालेल. आता सांग, जवळ जेवायला काय मिळतं?"

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी तिला घरी जेवायला घेऊन गेले.

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हिच्या हाडार मास खंय आसा? घाल हिका जेवक." त्यांच्या बांगड्याच्या कालवणाने काम केलं. पाहुणीने बोटं चाटली, दुसऱ्यांदा भात घेतला आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी पाणी प्यायली नाही. सासूबाईंच्या लेखी माणूस पास. त्यानंतर ती तालमीनंतर रोज आमच्याकडेच जेवू लागली. आठवड्याने तर फाउंडेशनचं गेस्ट हाऊस सोडून आमच्या पुढच्या खोलीत राहायला आली. त्यावर आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी "असले लोक" अशी सुरुवात केली. त्यांना मी पाचवी ते दहावी इंग्रजी शिकवलेलं आहे. मी फक्त चष्मा काढला, आणि त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं.

तिची सगळी हकीगत मला जेवताना तुकड्यातुकड्यांनी कळली. ती एका बंदराच्या गावातली. वडील कापडाच्या गिरणीत, आई बाजारात छापील कापड विकणारी. लहानपणी ती पहिल्यांदा नाचली ती गल्लीतल्या एका मयताला. हे मी भाषांतर करून सांगितलं तर सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"मयताक नाचतत? मगे रडतत कधी?"

"नाचता नाचताच," पाहुणी म्हणाली. त्यांच्याकडे म्हातारं माणूस गेलं की सगळं गाव जमतं, ढोल वाजतात, जेवणं होतात, आणि चांगलं नाचलं नाही तर मेलेल्याचा अपमान होतो. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडेही म्हाताऱ्याला बॅन्ड लावून नेतातच की, फरक एवढाच की आपण वाजवणाऱ्याला नाचू देतो आणि स्वतः मागे चालतो.

पुढे ती सरकारी नृत्यपथकात लागली. विमानतळावर परदेशी पाहुणे उतरले की स्वागताला नाचायचं. "आमचे राष्ट्राध्यक्ष बदलायचे," ती म्हणाली, "नाच तोच राहायचा." पथकाबरोबर युरोपात गेली आणि तिथेच थांबून नवं नृत्य शिकली. भांडी घासून, मुलं सांभाळून शिकली. मग शिकवू लागली, स्वतःचं पथक काढलं, देशोदेशी फिरली. मध्यंतरी एका ढोलवाल्याशी लग्न केलं. ते का मोडलं असं मी विचारलं तर म्हणाली, "तो घरातही स्वतःच्याच लयीत चालायचा." पुढे पथकातल्या मुलामुलींना संसार लागले, एकेक पांगलं आणि शेवटी ही एकटी राहिली. हे ती अगदी सहज सांगायची, कुठे रडगाणं नाही. गुडघ्यांबद्दल मात्र कुणी बोललेलं तिला खपत नसे.

तिच्या साथीच्या वादकाला व्हिसा मिळाला नाही. म्हणून मी आमच्या वाडीतल्या बुवांना आणलं. बुवा बँकेत शिपाई होते, आता निवृत्त. कोकणातल्या आमच्या गावच्या जाखडी नाचात मृदंग तेच वाजवतात. त्यांचं इंग्रजी "यस" आणि "व्हेरी गुड" इथे संपतं, म्हणून मी दुभाषी. पहिल्या दिवशी मी वही-पेन सावरून मधे बसले. ती हाताने ताल धरत काहीतरी "ता-कि-टिम" छापाचं बोलली, बुवांनी मृदंगावर उत्तर दिलं, ती हसली, बुवा हसले. तासाभराने दोघांचं भांडणही झालं आणि मिटलंही, आणि मला कुणी एक शब्द विचारला नाही. चहा सांगणं एवढंच माझं दुभाषीपण उरलं. आमच्या वायरमनकडून तेवढ्यात ती मराठी शिकली. दिवा कधी लावणार, पंखा कधी दुरुस्त होणार, ह्या सगळ्याला तो "होईल, होईल" म्हणायचा. तो शब्द तिला फार आवडला. काहीही विचारलं की ती तेच म्हणू लागली.

नाच होता तिच्या आईवर. आईचा एक दिवस. डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन आई बाजारात जाते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते, शेजारणीशी भांडते, देवळात म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये देवाला हाका मारते, आणि शेवटी पडते. सरळ, झाड पडावं तशी. मृदंग थांबतो. सगळं शांत. मग ती एकटी, हळूहळू, कशाचाही आधार न घेता उठून उभी राहते. तिथे नाच संपतो.

अडचण त्या उठण्याची होती. पडणं तिला रोज उत्तम जमायचं. उठणं एखाद्या दिवशी जमायचं, एखाद्या दिवशी उजवा गुडघा साफ नाही म्हणायचा. असं पहिल्यांदा झालं तेव्हा मी धावत जाऊन हात दिला, तर तिने तो फटकन बाजूला केला. जमिनीवर बसूनच तिने मला सुनावलं.

"हात लावायचा नाही. शुक्रवारी फाउंडेशनची माणसं बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर तुमच्या देशभर प्रयोग करायचे आहेत. पण ते नंतरचं. मी स्वतःशी ठरवलंय. ज्या दिवशी मला उठायला दुसऱ्याचा हात लागेल त्या दिवसापासून मी नाचणार नाही. घरी जाऊन मुलींना शिकवीन."

"आणि त्यांना पटलं, पण तुला उठता आलं नाही, तर?"

"तर ते हो म्हणतील आणि मी नाही म्हणेन."

एवढा हट्ट कशाला, असं मी तिला घरी कांदा चिरताना विचारलं. विचारलं म्हणजे झापलंच. गुडघा माझाही दुखतो, मी काय शाळेचा जिना एकटीने चढून दाखवायची शपथ घेतली होती का? तेव्हा तिने सांगितलं. आई गेली तेव्हा ती दौऱ्यावर होती, दोन देश पलीकडे. फोन आला. संध्याकाळी प्रयोग होता, तिकिटं गेली होती, पथकातल्या सगळ्यांचं पोट त्यावर होतं. ती नाचली. मग विमानं जुळली नाहीत आणि ती घरी पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मंडप काढलेला, भाड्याच्या खुर्च्या परत गेलेल्या, पाहुणे आपापल्या गावी. तिला फक्त मातीचा उंचवटा दाखवण्यात आला. "त्या दिवशी मी एकटी उठले," ती म्हणाली. "म्हणून नाचातही एकटीने उठायचं." मग तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा स्वतः चिरला. माझ्यापेक्षा बारीक चिरला.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी तिने नवीच भुणभुण लावली. तिला प्रेक्षक हवे होते. "फाउंडेशनची माणसं हाताची घडी घालून बघतात. मला बाजारात भांडलेल्या बायका हव्यात. तुझ्या बायका बोलाव."

माझ्या बायका म्हणजे आमचं महिला मंडळ. त्या कलेसाठी घराबाहेर पडतील असं मला वाटत नव्हतं. पण दिवस नवरात्राचे होते आणि वार शुक्रवार. मी सांगून टाकलं की नाचानंतर सभागृहातच मंडळाचं हळदीकुंकू आहे, दूध आणि चणे आहेत. मग कोण राहतंय घरी?

आता मुंबईत नवरात्रात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. रोजचा एकेक रंग ठरलेला असतो. वर्तमानपत्रात छापून येतो, मोबाइलवर फिरतो, आणि बँकेतल्या मॅनेजरबाईपासून कोळणीपर्यंत सगळ्याजणी त्या दिवशी त्या रंगात. त्या शुक्रवारचा रंग लाल होता. संध्याकाळी मी दार उघडलं आणि लाल रंगाचा लोंढाच आत आला. पैठणी, नायलॉन, सुती, ऑफिसातून परस्पर आलेल्यांचे लाल पंजाबी ड्रेस, आणि सासूबाईंचं जुनं लाल इरकली लुगडं. बायका दोन्ही बाजूंना सतरंजीवर बसल्या, सासूबाई पुढे खुर्चीत, कारण त्यांना खाली बसवलं तर उठवायला दोन माणसं लागतात. फाउंडेशनची मंडळी समोर खुर्च्यांवर, सगळी राखाडी आणि बदामी रंगात. कोपऱ्यात हळदीकुंकवाची तबकं, फुलं, नारळ, खण. कुणीतरी घाईघाईने धूपही लावून टाकला होता.

ती काळ्या कापडात आली आणि नाच सुरू झाला. आमच्या बायकांना कला कळते की नाही मला ठाऊक नाही, पण बाजार कळतो. ती घासाघीस करायला लागली तशी एकजण मोठ्याने म्हणाली, "देऊ नकोस गं एवढ्याला!" भांडणाला तर शिट्टी पडली. फाउंडेशनच्या बाईंनी मान वळवून पाहिलं. पाहुणी मात्र खुलली. तालमीत मी तिला असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं.

मग आई देवाला हाका मारते तो भाग आला. ती अंग थरथरवत, मान गरगर फिरवत नाचते तिथे बुवांनी हळूहळू वाजवणं कमी करत न्यायचं, असं ठरलेलं होतं. पण नवरात्रातला शुक्रवार, समोर सगळं लालेलाल, नाकात धूप. बुवांचे डोळे मिटले आणि हात गावी पोचले. देवीची पालखी देवळात शिरताना जे वाजवतात ते त्यांनी धरलं. ते ऐकलं की आमच्याकडे एखादी तरी बाई घुमायला लागतेच. पाहुणीने ती लय उचलली, अशी उचलली की माझ्या अंगावर काटा आला, आणि ठरलेल्या जागी ती पडली. फळ्या दणाणल्या. मृदंग थांबला.

सगळं शांत. आता उठायचं होतं.

तिने हात टेकला. उजवा गुडघा पोटाशी घेतला. तो सरकला. तिने पुन्हा हात टेकला. ह्या वेळी दंड थरथरायला लागले, मग सगळं अंग. मी दाराशी उभी होते, आणि मला माहीत होतं की आज ती उठणार नाही. मला रडू यायला लागलं. माझा पाय पुढे पडत होता आणि तिने तर हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं होतं. खुर्च्यांवरची मंडळी पुढे झुकून बघत होती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. खुर्चीतून, कुणाचाही आधार न घेता.

"अगो, बघतास काय? वारां इला तिच्या अंगात! धरा तिका!"

आणि सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या. अंगात आलेल्या बाईला कसं धरायचं हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दोघींनी काखेत हात घातले, एकीने पाठीमागून कमरेला मिठी मारली, एकीने डोकं सावरलं. कुणी पायांवर पाणी घातलं. कपाळाला हळदीकुंकू लागलं, ते गालापर्यंत आलं. खण-नारळाने ओटी भरली गेली. आणि ह्या सगळ्या गडबडीत ती उभी राहिली होती. बुवांनी डोळे न उघडताच पुन्हा मृदंग धरला.

देवी आली म्हटल्यावर प्रश्न विचारणं आलंच. "बाय, टॉवरातल्या जाग्याचो ताबो कधी गावतलो?" ट्रान्झिट कॅम्पात बरीच वर्षं काढलेल्या एकीने हात जोडून विचारलं. पाहुणीला प्रश्न कळला नाही, पण उत्तर तिच्याकडे एकच होतं. "होईल," ती धापा टाकत म्हणाली. "होईल, होईल." बायकांच्या अंगावर शहारे आले. देवी चक्क मराठीत बोलली! मग तर रांगच लागली. मुलीचं लग्न, सुनेचं बाळंतपण, जावयाची दारू. सगळ्यांना होईल. जावयाच्या दारूलाही होईल म्हटल्यावर ती बाई जरा घोटाळली.

शेवटी सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी काही विचारलं नाही. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. पाहुणीने मान त्यांच्या खांद्यावर टाकली आणि आपल्या भाषेतला एक शब्द काढून ओक्साबोक्शी रडायला लागली. मी भाषांतर करू शकले नसते, पण तो शब्द कोणता ते सासूबाईंना कळलं होतं.

"रड गो बाय, रड," त्या म्हणाल्या.

खुर्च्यांवरची मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. फाउंडेशनच्या बाई डोळे पुसत माझ्याकडे आल्या. "हा समूह आधी आम्हाला का सांगितला नाही? आणि सगळ्यांना लाल! हा निर्णय कुणाचा?"

"वर्तमानपत्राचा," मी म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला. सगळ्या बायकांना दौऱ्यावर न्यायचं त्या तिथेच बोलायला लागल्या. आमच्या बायकांचं म्हणणं पडलं की दसरा होऊ दे, मग बघू, डबे कोण करणार?

माझ्या डोक्यात मात्र तिची अट घोळत होती. हात लागला होता. एक नाही, दहा-वीस हात लागले होते. बायका दूध घ्यायला गेल्या तशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती भिंतीला टेकून बसली होती, कपाळ कुंकवाने भरलेलं, मांडीत नारळ. मी म्हणाले, "त्यांना थांबवायला मला जमलं नाही. त्यांना वाटलं की..."

"काय वाटलं ते नको सांगूस," ती म्हणाली. "आमच्याकडे आई गेली की मुलीला एकटीने चालू देत नाहीत. दोन्ही बाजूंनी बायका धरतात. उचलूनच नेतात म्हण. जवळच्या नात्यातल्या बायका. आणि त्या दिवशी जवळच्या बायका लाल नेसतात."

मी तिच्या मांडीतला नारळ घेऊन बाजूला ठेवला.

"मी पोचले तेव्हा ती लाल कापडं धुऊन घडी करून ठेवलेली होती. आज मी पडले, उठता येईना. मान वर केली तर त्या सगळ्या आल्या होत्या." तिने हाताच्या पंजाने तोंड पुसलं, कुंकू आणखीच पसरलं. "इतकी वर्षं मी एकटीने उठायची तालीम करते आहे. मूर्ख बाई. नाचच चुकीचा बसवत होते."

पुढे तिचे प्रयोग झाले, गावोगाव झाले. एकटीने उठणं तिने काढून टाकलं. जिथे जाईल तिथल्या बायकांना ती लाल नेसून बोलावते, तालीम घेत नाही, काही समजावत नाही. फक्त पडते आणि वाट बघते. अजून एकाही गावात तिला जमिनीवर राहावं लागलेलं नाही, असं फोन आला की ती मला सांगते.

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. फाउंडेशनच्या बाई तिच्यासमोर वाकल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या की मंडळींना नाच पसंत आहे, दौऱ्याबद्दल तिचं हो असेल तर लगेच बोलून घेऊ. सभागृहाच्या मधोमध बायकांनी फुगड्या सुरू केल्या होत्या. बुवा रंगात आले होते.

"आज नाही," पाहुणी म्हणाली. "आज माझी आई गेली आहे. मला नाचायला जायचंय."

आणि तिने उठायला दोन्ही हात माझ्यापुढे केले.